हात सैल सोडा

आमच्याकडे 'हार्ट फेल' फक्त भूतकाळात होतं. अमक्याचं हार्ट फेल झालं, असं कुणी सांगितलं की ऐकणारा पुढे एकच विचारतो, "माती किती वाजता?" त्यामुळे बीडच्या डॉक्टरांनी, मी समोरच्या खुर्चीत जिवंत बसलेला असताना, "गुरुजी, तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे," असं सांगितलं तेव्हा भीती नंतर वाटली. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवल्यामुळे आधी काळ खटकला. झालं नाही, होईल असंही नाही, 'आहे'. डॉक्टरांनी पुढे 'क्रॉनिक' हा शब्द जोडला तेव्हा उलगडा झाला. हा साधा वर्तमानकाळ नव्हता, रीतिवर्तमान होता. मी रोज शाळेत जात असे, तसं आता रोज माझं हृदय नापास होत असणार.

बातमी आमच्या आधी शिरूरला पोचली. संध्याकाळी रिक्षा दारात थांबली तर ओट्यावर दोन वडीलधारे, खांद्यावर टॉवेल टाकून, चेहरे लांब करून बसलेले. मी माझ्या पायांनी उतरलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. एक जण टॉवेल खांद्यावरून काढून कपाळ पुसत म्हणाले, "सहजच आलतो गुर्जी. म्हणलं, तुमच्याकडं लाइट हाये का बघावं." लाइट होती. मग बिनसाखरेचा चहा झाला, आणि माझ्या मातीला आलेली माणसं माझ्याच हातचा चहा पिऊन गेली.

गावाचं नाव सांगतानाही आम्हाला दम लागतो. नुसतं शिरूर म्हटलं की लोकांना पुण्याजवळचं, घोडनदीचं शिरूर वाटतं. लातूरकडे शिरूर अनंतपाळ आहे, शिरूर ताजबंद आहे. माझा रक्ताचा एक रिपोर्ट चार दिवस नेमक्या कुठल्या शिरूरला पाहुणचार घेत होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून आम्ही आठवणीने 'कासार' जोडतो. शिरूर कासार, सिंदफणेच्या काठचं. या कासाराशी पुढे माझं काम पडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

तर इकोचा कागद. त्यावर लिहिलं होतं, इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के. छातीत धस्स झालं ते इथे. पस्तीसला पास, हे आमच्या हाडात मुरलेलं. पाच मार्कांनी गेलं! मी डॉक्टरांना ग्रेस मार्कांचं विचारलंसुद्धा. ते हसले आणि म्हणाले की या परीक्षेत शंभरापैकी शंभर कुणालाच नसतात. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं एका ठोक्याला पंचावन्न ते सत्तर टक्के बाहेर पडलं की हृदय ठणठणीत. म्हणजे सत्तरला बोर्डात पहिला. मग माझे तीस काही अगदी शरमेचे नव्हते. मी त्याहून कमी मार्कांची पोरं सरपंच झालेली पाहिली आहेत.

डॉक्टर दुसरं वाक्य बोलले ते मात्र आमच्या मंडळींना लागलं. ते म्हणाले, "हृदय वाढलंय." त्यांना आकार म्हणायचा होता. पण आमच्या घरात बांगडी फुटत नाही, ती वाढते. कुंकू पुसत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. जे मोडलं त्याला मोडलं म्हणू नये म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी हा शब्द शोधून ठेवला, आणि डॉक्टरांनी नेमका तोच उचलला. परतीच्या वाटेवर ही खिडकीबाहेर बघत होती. राजुरी मागे पडली तरी बोलली नाही.

हृदयाचं काय झालं ते समजायला आमच्या भागात कुणाला अडचण येत नाही. डॉक्टर म्हणाले, मोटार कमजोर झालीय. विहिरीवर मोटार नाही असं घर इकडे कमीच. शेजारच्या नानांनी तर लगेच उपाय सांगितला, "रिवाइंडिंग करून घ्या की!" पाण्याची गोळी सुरू झाली, पायांची सूज उतरली, दोन उशांवरून मी एका उशीवर आलो. सकाळी उठल्यावर वजन करायचं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, एवढा गृहपाठ मिळाला. सगळं बरं चाललं होतं. पण सिंदफणेपर्यंत चालत निघालो की नदी यायच्या आत पाय गळायचे. दम नव्हता लागत, छातीत दुखत नव्हतं. नुसते पायच म्हणायचे, बसा गुर्जी. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं, मोटार सुधारली तर पाय का रुसले? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मोटारीचं बघतोच आहोत आपण. पण तुमच्या नसा सैल सुटत नाहीत, गुरुजी."

हे वाक्य मी घरी आणलं. कुणी औषधाची बाटली आणतो, मी वाक्य आणलं. पोरगं पुण्याला असतं. त्याला फोन करून म्हटलं, यावर काय छापलेलं असेल ते पाठव. त्याने एवढं पाठवलं की ते वाचूनच माझं दोन किलो वजन वाढलं असणार.

मला वाटायचं, रक्तवाहिनी म्हणजे पाइप. पीव्हीसीचा म्हणा, लोखंडी म्हणा, पण पाइप. कधी गाळ बसतो, कधी तुंबतो. तशा आमच्या जिल्ह्याच्याही नसा बरीच वर्षं तुंबलेल्या होत्या. अहिल्यानगरची रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ला. अँजिओप्लास्टीला एवढा वेळ लागला तर पेशंटची दुसरी पिढी टेबलावर यायची. पण वाचत गेलो तसं कळलं की पाइप ही उपमाच चूक. पाइपाला काही कळत नसतं. नसेला कळतं. पाय चालू लागले की पायाकडच्या नसा आपोआप सैल होतात, रुंदावतात, जास्त रक्त जाऊ देतात. जेवण झालं की पोटाकडच्या सैल होतात. ही सगळी कारभारीण म्हणजे नसेच्या आतलं एक अस्तर. शास्त्रात त्याला एन्डोथेलियम म्हणतात. जाडी म्हणाल तर एका पेशीची. क्षेत्रफळाबद्दल मात्र मोजणी खात्यासारखाच घोळ आहे. कुणाच्या अंदाजाने काही गुंठे, कुणाच्या अंदाजाने एकराच्या पुढे. मी एकर धरून चालतो. वडिलांनी ठेवलेली जमीन वाटण्यांत गेली, तेव्हा ही एकरभर तरी बिनासातबाऱ्याची आपल्या नावावर असावी. कोरडवाहू नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

या अस्तराला कैक वर्षं कुणी विचारत नव्हतं. कोटाच्या अस्तराला कोण विचारतं? अमेरिकेत ब्रुकलिनला रॉबर्ट फर्चगॉट नावाचे एक प्राध्यापक सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन बसायचे. ॲसिटिलकोलिन नावाचं द्रव्य टाकलं की त्यांचा तुकडा आवळायचा, आणि जिवंत प्राण्यात तेच द्रव्य दिलं तर नसा सैल व्हायच्या. हे कोडं सुटेना. १९७८ साली त्यांच्या हाताखालच्या मदतनिसाने प्रयोगातल्या पायऱ्या मागेपुढे केल्या. आवळायला हवा होता तो तुकडा सैल पडला. मी असतो तर पोराला बाकावर उभं केलं असतं. फर्चगॉट चुकीपाशीच थांबले. शोधता शोधता सापडलं ते असं की इतकी वर्षं तुकडा कापताना त्याची आतली बाजू नकळत घासली जात होती, अस्तर पुसलं जात होतं. अस्तर शाबूत ठेवलं की तुकडा सैल पडायचा. म्हणजे सैल हो असं सांगणारं जे कुणी होतं त्यालाच आपण बोटाने पुसून टाकत होतो! १९८० साली त्यांनी हे 'नेचर'मध्ये छापलं. अस्तरातून निघणारा हा निरोप्या कोण, यावर पुढे काही वर्षं गेली. तो निघाला नायट्रिक ऑक्साइड, गाडीच्या धुरात असतो तो वायू. दोन-चार सेकंद जगतो. अस्तरातून निघायचं, शेजारच्या स्नायूला "सैल सोड" एवढं सांगायचं आणि संपायचं. १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना यासाठी मिळालं. त्या मदतनिसाला काय मिळालं ते माझ्यातल्या मास्तराला विचारू नका, वाईट वाटतं.

यात एक गंमत राहून जाते. ज्यांच्या नावाचं ते बक्षीस, ते आल्फ्रेड नोबेल नायट्रोग्लिसरीनचं डायनामाइट करून श्रीमंत झाले, आणि म्हातारपणी हृदयासाठी डॉक्टरांनी त्यांना औषध लिहून दिलं ते नायट्रोग्लिसरीनच. दैवाची ही थट्टा त्यांनी सहकाऱ्याला पत्रात कळवलीही होती. आपल्याकडे छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवतात, ती याच घराण्यातली; शरीरात गेल्यावर तिच्यातून हाच वायू सुटतो. विहिरीला सुरुंग लावणारे आमच्या गावचे लोक हे ऐकून बराच वेळ माझ्या खिशाकडे बघत होते.

सैल सोडणं म्हणजे काय हे मला खरं समजलं ते कासारणीमुळे. बाजाराच्या दिवशी एक मावशी बसते. तिच्याकडे काचेच्या बांगड्यांची चळत, सव्वादोन, अडीच, जो हात येईल तसं माप. ती हात बघत नाही, हातात घेते. करंगळीच्या खाली अंगठ्याने दाबत, बोटं एकात एक दुमडत, हाताचा पंजा माशासारखा निमुळता करते. आणि म्हणते, "हात सैल सोडा, बाई." सांगून हात सैल सुटत नाही. उलट सैल सोड म्हटलं की माणूस जास्तच आवळतो. कुणी झोप म्हटलं की झोप उडते, तसं. म्हणून ती बोलायला लागते. माहेर कुठलं, पोरं किती, सुनेचं कसं चाललंय. बाई बोलता बोलता माहेरी जाते, हात इकडे एकटाच राहतो, आणि बांगडी सरकन मनगटात. ओढून घातली तर काच वाढते आणि हातालाही लागतं.

नसा सैल सुटतात की नाही हे बघायची डॉक्टरांची तपासणीही थोडी तशीच. १९९२ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळून बांधायचा, पाच मिनिटं रक्त अडवून धरायचं आणि एकदम सोडायचं. अडलेलं रक्त धावत सुटतं, जाताना अस्तराला घासून जातं. त्या घासण्यानेच अस्तराला जाग येते, निरोप्या निघतो आणि दंडातली मोठी नस थोडी रुंदावते. किती रुंदावली हे सोनोग्राफीवर मोजतात. धडधाकट माणसाची नस बऱ्यापैकी रुंदावते. माझ्यासारख्याची जेमतेम, नाखुशीने, सुट्टीच्या दिवशी जनगणनेला निघालेल्या शिक्षकासारखी.

ती अशी का आवळून बसते? इथे मला माझी आई आठवली.

बहात्तरच्या दुष्काळात आई ऐन तिशीत होती. खडी फोडायला गेली, पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या, आम्हाला सुकडी खाऊ घातली. त्या वर्षी पाण्याचं एक एक भांडं तिने जिवापाड सांभाळलं आणि आम्ही जगलो. मग दुष्काळ गेला, वर्षं गेली, दारात नळ आला. पण आई बहात्तरमधून बाहेर आलीच नाही. नळ सुटला की हंडा, कळशी, बादली, तपेलं, पातेलं, शेवटी पाहुण्यांचे पेलेसुद्धा भरून ठेवायची. चहा करायला एक मोकळं भांडं सापडायचं नाही. ओतून द्यायला गेलं की हात धरायची. "नळ गेला म्हंजी?" नळ जाणार नाही असं सांगून उपयोग नव्हता. तिला नळाचं आश्वासन नको होतं, तिला भरलेला हंडा हवा होता.

शरीरातही अशी एक आई बसलेली असते. हृदयाची मोटार कमजोर झाली की नसांत रक्ताचा जोर कमी पडतो. का कमी पडला हे शरीराला समजत नाही. लाखो वर्षांत त्याला दोनच कारणं ठाऊक झालीत: जखम होऊन रक्त गेलं, नाहीतर पाणी मिळालं नाही. हृदयविकार हे म्हातारपणाचं नवं दुखणं त्याच्या पुस्तकात नाहीच. ते दुष्काळ जाहीर करतं. नसा आवळा, मीठ धरून ठेवा, पाणी बाहेर जाऊ देऊ नका. पहिले काही दिवस हे बरोबरच असतं, माणूस त्याने तगतो. पण हा दुष्काळ उठतच नाही. आधीच थकलेल्या मोटारीला आता आवळलेल्या पाइपांतून रक्त रेटावं लागतं, ती आणखी थकते, शरीराला आणखी दुष्काळ दिसतो, ते आणखी आवळतं. बोट दाबलं की खड्डा पडायचा ते माझे पाय म्हणजे दुसरं काय होतं? आईने माझ्या पायांत पाणी भरून ठेवलं होतं.

अस्तराचं मात्र वेगळंच दुखणं, आणि ते सिंदफणेसारखं आहे. नदी वाहती असली तर पात्र मोकळं राहतं. वाहायची थांबली की पात्रात वेड्या बाभळी उगवतात, कुणी वीटभट्टी लावतं, कुणी कुंपण घालतं, आणि मग २०२५च्या सप्टेंबरात आला तसा लोंढा येतो तेव्हा नदीला आपली जागा सापडत नाही, ती गावात शिरते. नसेतून रक्त जोरात वाहिलं तर अस्तराला घासत जातं, त्या घासण्यानेच त्याचा कारखाना चालू राहतो. वाहणं मंदावलं की कारखाना मंदावतो. जो थोडाफार नायट्रिक ऑक्साइड निघतो त्यालाही वाटेत खाऊन टाकणारे उपद्रवी रेणू अशा शरीरात वाढलेले असतात. त्यात एन्डोथेलिन नावाचं एक द्रव्य, १९८८ साली जपानमध्ये शोधलेलं, तेही याच अस्तरातून निघतं आणि त्याचं काम नेमकं उलटं, नस करकचून आवळायचं. एकाच घरात एक भाऊ दार उघडणारा आणि दुसरा कडी लावणारा. वाटणीत कडी लावणाऱ्याचाच हात वर राहतो, हे आमच्या तालुक्यात वेगळं सांगायला नको.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मला फार धीराची वाटली. १९९१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी माझ्यासारख्या पेशंटांच्या हाताच्या नसेत अस्तराला जागं करणारं औषध दिलं, तर नसा नीट सैल झाल्या नाहीत. मग अस्तराला न विचारता थेट स्नायूला सैल करणारं औषध दिलं, तर त्या बऱ्यापैकी उघडल्या. म्हणजे हात सैल होऊ शकत होता. कासारीणच बसली नव्हती.

औषधांचं म्हणाल तर माझ्या डब्यात पाच गोळ्या होत्या आणि त्यांतल्या एकीचं कुळ सापाचं होतं. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचं ब्लडप्रेशर कोसळतं. सर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९६५ साली त्या विषातला एक अंश वेगळा काढला, आणि त्याच्या नमुन्यावरून पुढे अमेरिकेत कॅप्टोप्रिल हे औषध तयार झालं, १९८१ साली बाजारात आलं. नसा आवळणारं एक रसायन ते तयारच होऊ देत नाही, आणि सैल सोडणारं एक टिकवून धरतं. माझी गोळी त्या कॅप्टोप्रिलची धाकटी बहीण. हे मी नानांना सांगायला नको होतं. आमच्याच तालुक्यात, तागडगावला, जखमी साप आणि जनावरं बरी करून सोडणारं 'सर्पराज्ञी' हे केंद्र आहे. नानांनी तिसऱ्या दिवशी मला गंभीरपणे विचारलं, "मग बीडला कामून जाता गुर्जी? तागडगाव जवळ पडतंय की." त्या गोळीने मला कोरडा खोकला लागला, तो तिचा ठरलेला गुण. खोकलो की गल्लीतली पोरं गप्प व्हायची. त्यांना वाटायचं वर्गात आलो. शेवटी डॉक्टरांनी गोळी बदलली. गल्लीतली शिस्त गेली.

मिठाचं लिहीत नाही. ठेच्याशिवाय भाकरी कशी लागते हे ज्याने खाल्लं त्यालाच माहीत आणि ज्याने नाही खाल्लं त्याला सांगून उपयोग नाही. एवढंच नोंदवतो की १९६८ सालीच काही अमेरिकन डॉक्टरांना शंका आली होती की या दुखण्यात मीठ आणि पाणी नसेच्या भिंतीतसुद्धा मुरतं आणि ती ताठर होते. मी हे हिला वाचून दाखवलं. तिने लोणच्याची बरणी वरच्या फळीवरून माळ्यावर नेली. वाचून दाखवण्याची सवय वाईट.

पण एक कागद वाचून दाखवल्याचा फायदा झाला. १९९६ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशा पेशंटांना चार आठवडे रोज हाताने मूठ आवळायचा-सोडायचा व्यायाम दिला. नुसती मूठ. चार आठवड्यांनी त्या हातातल्या नसेचं अस्तर सुधारलं, नस पहिल्यापेक्षा सैल सुटू लागली. व्यायाम बंद केला, सहा आठवड्यांनी बघितलं, तर परत ये रे माझ्या मागल्या. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करा, स्पंजचा बॉल घ्या, आणि झेपेल तेवढं चालणंही वाढवा, पायांच्या नसा पायांनीच सुधारतील. मी घरी येऊन बॉल कुठे मिळेल याची चौकशी करू लागलो. ही गोठ्यातून म्हणाली, "बॉल कशाला? मूठच आवळायची ना? या इकडं, धार काढा."

म्हशीची धार मी लहानपणी काढली होती. नोकरी लागल्यावर हात गेला. पाट घेऊन बसलो. आचळांना पाणी लावलं, मूठ आवळली, सोडली, आवळली. चरवीत काही नाही. म्हैस मान वळवून माझ्याकडे बघत होती, जशी शिक्षणाधिकारी पहिल्या भेटीत बघतात. ही म्हणाली, "पान्हा चोरायलीय ती. तुमचा हात ओळखीचा नाही तिला." मी जोर लावला. तिने शेपटीने माझा चष्मा पाडला. मग हिने तिच्या पाठीवर हात फिरवला, काहीतरी पुटपुटली, पेंडीचं घमेलं पुढे सरकवलं, आणि बघता बघता कास भरून आली. म्हणजे इथेही तेच. आवळण्याचं काम माझ्या मुठीचं, पण सोडायचं म्हशीने, आणि तिला सोड म्हणून चालत नाही.

आता दोन महिने होत आले. सकाळची धार मी काढतो. पहिल्या पंधरवड्यात चरवीपेक्षा माझ्या धोतरावर जास्त पडायचं. आता फेस येण्याइतकी बारीक धार पडते. माझ्या दंडातलं अस्तर सुधारलं का, हे पट्टा बांधून कुणी मोजलेलं नाही. मुठीने पायांना काय फरक पडणार, हेही मला कळतं. पण पाय मात्र नदीपर्यंत जाऊ लागलेत. चालण्यामुळे असेल, नव्या गोळीने असेल, म्हशीला विचारलं तर ती श्रेय घेईल.

मागच्या बाजाराला ही म्हणाली, बांगड्या भरायच्यात. माझं दुखणं निघाल्यापासून तिने हातात नवी काच घातली नव्हती. दोन्ही हातांत चार-चार जुन्या, त्यातली एक चिरलेली. मी पिशवी धरून बाजूला बसलो. कासारणीने तिचा हात हातात घेतला, करंगळीखाली दाबलं आणि थांबली.

"लई आवळलाय हात. सैल सोडा, बाई."

"सोडलाय की."

"न्हाई सोडलेला."

पहिली बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली आणि वाढली. कासारणीने तुकडे उचलून बाजूला ठेवले, पदराने हाताची पाठ पुसली, आणि दुसरी बांगडी न उचलताच माझ्याकडे मान करून तिला विचारलं, "गुर्जीला कसं हाये आता?"

माझ्याबद्दल माझ्यासमोर विचारतात त्याची मला सवय झालीय. ही नेहमी म्हणते, बरं हाये. या वेळी ती काही बोलली नाही, मग बोलू लागली. बीडच्या खोलीत डॉक्टर 'वाढलंय' म्हणाले ते. रात्री मी उशीवरून घसरलो की उठून माझा श्वास मोजायची ते. ओट्यावर ते दोघं टॉवेल टाकून बसलेले तिने रिक्षातून आधी पाहिले होते आणि मला सांगितलं नव्हतं ते. मिठाचा डबा धान्याच्या कणगीत लपवला होता ते. मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. कासारीण "हो का," "अगं बाई," एवढंच म्हणत होती, आणि तिची बोटं त्यांचं काम करत होती.

"झालं," कासारीण म्हणाली. "एका हातात बारा, एकात तेरा. वाढलेलीचे पैसे नका देऊ."

हिने दोन्ही हात उचलून बघितले, जणू कुणी दुसऱ्यानेच भरून दिलेत. हिरव्या काचेचा आवाज झाला. मी पैसे दिले, पिशवी उचलली. धारेची वेळ झाली होती, म्हणून ती भराभर पुढे निघाली आणि मी मागून. नदीपाशी आल्यावर ती थांबली, वळली आणि म्हणाली, "दम लागायलाय का?"

"नाही," मी म्हणालो, आणि थोडा वेळ बसलो.